मैया उजव्या हाताला

"उजवा हात पुढं कर," अप्पा म्हणाले. "गार लागतंय का?"

मी हात पुढे केला. कोपरापर्यंतचा हात दिसत होता, उरलेला धुक्यात गेला होता.

"गार सगळीकडूनच लागतंय, अप्पा."

"तसं नव्हे. पाण्याचं गार वेगळं असतंय. नीट बघ की."

बघण्यासारखं काही नव्हतंच. मी डोळे मिटून उभी राहिले. मग उजव्या बाजूनं ओल्या वाळूचा आणि शेवाळाचा वास आला, आणि कुठेतरी खूप लांब पाणी दगडाला लागून वाहत असल्याचा आवाज. म्हटलं, "आहे. मैया उजवीकडेच आहे."

"मग चल."

नर्मदेची परिक्रमा करणाऱ्याला नियम थोडे, पण जे आहेत ते कडक. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची. तिला येऊन मिळणारे ओढे, उपनद्या खुशाल ओलांडाव्यात. पण खुद्द तिची धार, मग ती घोटाभर पाण्याची का असेना, ओलांडायची नाही. पात्रातल्या बेटावर, तिकडच्या भाषेत टापूवर, पाय ठेवायचा नाही. ठेवला की परिक्रमा खंडित. कितीही चाललेले असा, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे सगळं अप्पांनी मला घरी सांगितलं होतं, रेल्वेत सांगितलं होतं, आणि चालायला लागल्यापासून रोज सकाळी चहाच्या आधी सांगत होते. मी जनावरांची डॉक्टर. म्हशीलासुद्धा मी एक गोष्ट इतक्यांदा सांगत नाही.

खरं म्हणजे ही परिक्रमा आमची नव्हतीच. ती सुबोधची होती. सुबोध माझा नवरा आणि अप्पांचा एकुलता एक मुलगा. बिनपगारी रजा काढून तो ओंकारेश्वरहून निघाला, समुद्रापर्यंत गेला, वळसा घालून अमरकंटकला पोचला, आणि परतीच्या वाटेवर बरमान घाटाजवळ त्याला ताप भरला. आम्ही त्याला कराडला घरी आणलं. साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. नदीवर माझा फार राग होता. कोणी "नर्मदामैया" म्हटलं की मी तिथून उठून जायची.

पुढची दोन वर्षं घरात आम्ही दोघंच होतो, सासरे आणि सून. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेल्या. अप्पा भूमिअभिलेखमध्ये मोजणीदार होते. आयुष्यभर लोकांच्या शेतांच्या हद्दी त्यांनी ठरवून दिल्या, आणि सुबोध गेल्यावर त्यांनी आमच्या घराचीच हद्द आखून टाकली. त्याची खोली उघडायची नाही. त्याचं कपाट हलवायचं नाही. त्याचा दात घासायचा ब्रश मोरीतल्या पेल्यात तसाच होता, आणि रोज सकाळी माझा ब्रश त्याच्याशेजारून उचलताना मला नको नको व्हायचं. माझी बढती आली होती, परभणीला. मी दोनदा ती पुढे ढकलली. खात्यानं शेवटी कळवलं की आता नाही तर कधीच नाही.

तेव्हा अप्पा म्हणाले होते, "त्याची परिक्रमा अर्धी राहिलीय. जिथं थांबला तिथून पुढं मी चालतो. तू बरोबर ये, म्हाताऱ्याला एकट्याला झेपायचं नाही. पुरी झाली की खोली उघड, ब्रश टाक, परभणीला जा. मी एक शब्द बोलणार नाही."

"बघा हं, अप्पा. शब्द दिलाय तुम्ही."

"दिला की."

म्हणून मी आले. भक्तीबिक्ती काही नाही. माझी सुटका ओंकारेश्वरच्या घाटावर होती आणि तिथपर्यंत चालायचं होतं, एवढाच हिशेब.

पण चालणं हे प्रकरण भलतंच असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिले काही दिवस पाय सोडून दुसरं काही सुचेना. मग पायांचं दुखणं अंगवळणी पडलं, आणि वार विसरले, तारीख विसरली. उठायचं, झोळी खांद्याला लावायची, चालायचं. हरभऱ्याच्या शेतांमधून, पेरूच्या बागांमधून, ओल्या गवताच्या बांधावरून. कुणीतरी दारातून "नर्मदे हर!" म्हणून हाक मारायचं आणि चहा हातात द्यायचं. दुपारी झाडाखाली पडलं की नदीचा आवाज कानात असायचा, झोपेतही असायचा, आणि जाग आली की कळायचं नाही, आपण जागे आहोत का अजून झोपेतच चालतोय. सुबोध मला पुष्कळदा पुढे दिसायचा. पांढरा सदरा, किंचित उजवीकडे झुकलेली मान. भीती वाटायची नाही. एकदा तर मी हाक मारणार होते, तेवढ्यात ती बाभूळ निघाली.

दोन वर्षं माझ्या छातीवर एक म्हैस बसून होती. कुठल्या गावाच्या शिवेत ते आठवत नाही, पण एका सकाळी चालता चालता लक्षात आलं की ती उठून गेलीय. मी इतका मोठा श्वास घेतला की अप्पांनी वळून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. हवा छान आहे."

"हं," म्हणाले आणि चालायला लागले. पण नंतर बराच वेळ ते माझ्याकडे अधूनमधून बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. मला तेव्हा तो थकवा वाटला.

ओंकारेश्वर जवळ येऊ लागलं तसे अप्पा मंदावले. आधी ज्या माणसानं मला धापा टाकायला लावल्या होत्या, त्याचा आता गुडघा दुखायला लागला. कधी मोजे वाळले नाहीत म्हणून निम्मा दिवस थांबा. कधी गावात भागवताची कथा आहे, ऐकल्याशिवाय कसं निघायचं. मी मनातल्या मनात मुक्काम मोजायची आणि चरफडायची. परभणीला नवीन दवाखान्यात माझं टेबल खिडकीजवळ असेल का, याचा विचार करायची. हंडियाच्या अलीकडे एका छोट्या आश्रमात तर त्यांनी सलग दोन मुक्काम केले आणि मी तिसऱ्याचं नावच काढू दिलं नाही.

तर अशा त्या सकाळी, दाट धुक्यात, आम्ही त्या आश्रमातून निघालो. निघताना तिथल्या माताजी दारापर्यंत आल्या. तुळशीच्या बिया निवडता निवडता उठून आल्या होत्या, मूठ तशीच बंद होती.

"बाबाजी, आगे रेत में मैया की एक धार फूटती है। उस पार टापू है। कोहरा बहुत है, ऊपर की पगडंडी मत छोड़ना।"

"मालूम है, माताजी," अप्पा म्हणाले आणि त्यांच्या पाया पडले.

वरची पायवाट आम्ही धरली, आणि थोड्याच वेळात अप्पांनी सोडली. म्हणाले, "काटे फार आहेत इथं. वाळूतनं जाऊ."

"माताजी काय म्हणाल्या?"

"मी आहे ना?"

पस्तीस-चाळीस वर्षं ज्यानं साखळी आणि झेंड्या घेऊन रानं मोजली, त्याला मी काय वाट सांगणार? मी मागोमाग उतरले. वाळू ओली होती, पाऊल पडलं की हळूच आत जायचं आणि ठसा पाण्यानं भरायचा. धुकं इतकं की अप्पांचं पांढरं डोकं तेवढं पुढे तरंगत होतं. पक्षी ओरडत होते, पण कुठे ते कळत नव्हतं. सगळं जग पांढरं, मऊ आणि थंड झालेलं. मला त्या चालण्यात इतकं बरं वाटत होतं की ते कधी संपूच नये असं क्षणभर वाटून गेलं, आणि मी स्वतःच दचकले.

मग समोर पाणी आलं. पलीकडचा काठ दिसत नव्हता.

"अप्पा, ही धार तर नव्हे?"

"ओढा आहे. डावीकडनं येतोय."

ते काठावर उभे राहिले. वाकले, ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, थोडं प्यायले. मग बूट काढून हातात घेतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ये."

मी त्यांचं कोपर धरलं. पाणी घोट्याच्या वर आलं, पिंढरीपर्यंत आलं, मग उतरलं. तळाची वाळू पायाखालून सरकत होती. मागचा काठ गेला, पुढचा आला नव्हता. मध्ये आम्ही दोघं आणि वाहतं पाणी. मी अप्पांचा हात घट्ट धरला.

पलीकडे चढलो. तिथेही वाळूच होती, पण वाळूत ओळीनं खड्डे केलेले, प्रत्येक खड्ड्यात टरबुजाची दोन-दोन पानांची रोपं, आणि वाऱ्याच्या बाजूनं रोवलेल्या गवताच्या काड्या. थोडं पुढे धुराचा वास आला. एक झोपडी, आणि झोपडीसमोर चुलीशी बसलेली एक बाई. फूलवती तिचं नाव, नंतर कळलं. तिनं मान वर केली आणि तिचा हात तसाच थांबला.

"नर्मदे हर!" मी म्हटलं.

"नर्मदे हर. अरे, आप तो परकम्मावासी हो। इधर कैसे आ गए? ये तो टापू है, माँजी।"

मी अप्पांकडे बघितलं. अप्पा वाळूत बसले.

वाऱ्याची एक झुळूक आली आणि धुकं थोडं सरकलं. उजवीकडे नर्मदा होती, रुंद, राखाडी. आणि डावीकडे, जिथून आम्ही आलो, तिथेही नर्मदाच होती, अरुंद आणि चमकती. चक्रवाकाची एक जोडी तिच्यावर निवांत बसलेली होती. सुबोध समुद्रापर्यंत चालला, अमरकंटकला चढला, ताप अंगावर काढत बरमानपर्यंत आला, ते सगळं पिंढरीभर पाण्यात वाहून गेलं.

फूलवती बिचारी आमच्यापेक्षा घाबरली. "आदमी को बुलाऊँ? नाव से उस पार छोड़ देगा," म्हणाली, आणि परिक्रमेत नावेनं मैया ओलांडणं म्हणजे तर आणखीच पाप, हे आठवून तिनं जीभ चावली. मग तिला जे येत होतं ते तिनं केलं. चुलीवर चहा ठेवला.

मी अप्पांशेजारी बसले. या माणसाला आता काय होईल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. म्हटलं, "अप्पा, चूक झाली. धुकं होतं. जाणूनबुजून थोडीच केली आपण? मैयाला काय कळत नाही का?" माझ्या तोंडून मैयाची बाजू! पण त्या वेळी मी कुणाचीही बाजू घेतली असती.

चहा आला. त्यांनी तो फुंकर घालून घेतला. सावकाश, आवाज करत. फूलवतीनं विचारलं, "और दूँ, बाबा?" आणि त्यांनी कप पुढे केला.

मी बघत राहिले. ज्याची परिक्रमा बुडाली, तो माणूस दुसरा कप पीत होता. याच माणसानं आठवड्यापूर्वी, मी पाय धुवायला नदीत दोन पावलं आत गेले म्हणून, अख्खी दुपार माझ्याशी अबोला धरला होता. आणि मग मला ते आठवलं. वाटेत आम्ही किती ओढे ओलांडले होते. अप्पा धोतर वर धरायचे, बूट काढायचे आणि सरळ पाण्यात शिरायचे. ओंजळ भरून डोळ्यांना लावायचं ते फक्त मैयाचंच पाणी.

मी हळूच विचारलं, "अप्पा, ओढ्याचं पाणी तुम्ही डोळ्यांना कधीपासून लावायला लागलात?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"माहीत होतं तुम्हाला."

"होतं."

मी उठले. मला भयंकर राग आला होता. फूलवती ऐकतेय याचं भान होतं, पण तिला मराठी कळत नव्हती आणि कळत असती तरी मी थांबले नसते.

"मुद्दाम केलंत! रोज सकाळी मला नियम सांगायचे, आणि शेवटच्या चार मुक्कामांवर येऊन... त्याचं सगळं चालणं पाण्यात घातलंत, अप्पा. तुमच्या पोराचं!"

"पोरगा गेला," अप्पा म्हणाले. "त्याला आता कसली परिक्रमा? मला कळत नाही होय? पहिल्या दिवशीपासनं कळतंय."

"मग मला कशाला ओढत आणलंत? दोन वर्षं त्या घरात मी... ब्रश! साधा ब्रश टाकू दिला नाहीत मला!"

"टाकला असतास की तू गेली असतीस."

ते नदीकडे बघत होते, कुठल्या नदीकडे ते मला सांगता येणार नाही, दोन्हीकडे तीच होती.

"मोजणीला जायचो," ते म्हणाले, "तवा दोन रानांच्या मधी दगड असायचा. तो असला की ह्याचं ते ह्याचं, त्याचं ते त्याचं, पण दोघं शेजारी. शेजारीच म्हणायचे एकमेकाला. दगड कुणी काढून नेला की मग भांडण. नाहीतर ओळखच संपायची." त्यांनी हातानं वाळू सारखी केली. "आपल्या मधला दगड गेला, शैलजा. आता तुझं माझं काय लागतंय? तू परभणीला जाशील. पहिल्यांदा रोज फोन करशील. मग सणाला. तुझी चूक नाही त्यात, जग असंच असतंय. पण मी त्या घरात कुणाचा ब्रश बघू रोज?"

तोवर मी समजत होते की ते सुबोधला सोडायला तयार नाहीत. ते मला सोडायला तयार नव्हते. चालताना माझा श्वास मोकळा झाला तेव्हा त्यांचं तोंड का उतरलं, गुडघा नेमका केव्हा दुखायला लागला, सगळं एकदम समजलं, आणि मला रडू आलं. चांगलं भोकाड पसरून रडू आलं. फूलवती येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तिला वाटलं, परकम्मा मोडली म्हणून बाई रडतेय. "मैया माफ कर देगी, बेटी," म्हणत राहिली. अप्पांचेही खांदे हलत होते, पण त्यांनी तोंड फिरवलं होतं, आणि मी ते बघितलं नाही असं केलं.

उन्हं वर आली. धुकं पाण्यावरून उचललं गेलं आणि पलीकडच्या काठावरची आमचीच पावलं दिसायला लागली, काठापर्यंत आलेली.

मी डोळे पुसले. "अप्पा, मी जाणार आहे."

"हं."

"खोली उघडणार. ब्रश टाकणार. परभणीला जाणार. तुमच्यासाठी थांबते असं खोटं सांगणार नाही. थांबले तर मी तुमचा राग करीन."

"मी कुठं म्हणतोय खोटं सांग?"

फूलवतीचा निरोप घेतला. तिनं अप्पांच्या झोळीत चार पेरू टाकले. आम्ही धारेपाशी आलो. अप्पा वाकले, पाणी डोळ्यांना लावलं, आणि या वेळी मीही लावलं. खूप थंड होतं. मग आम्ही पाण्यात शिरलो. मध्यावर आल्यावर मी त्यांचं कोपर धरलं आणि म्हटलं, "परिक्रमा तर मोडली."

"मोडली."

"नियम काय आहे?"

"पहिल्यापासनं," म्हणाले. "ओंकारेश्वरहून."

"मग पहिल्यापासून."

"कोण चालणार?"

"मोडली कुणी? तुम्ही. हात कुणी धरला होता? मी. दोघांनी चालायचं."

"सुबोधच्या नावानं?"

"नाही. त्याच्या नावानं आता पुरे झालं. तुमच्या आणि माझ्या."

अप्पा धारेच्या मधोमध थांबले. पाणी आमच्या पिंढऱ्यांना वळसा घालून जात होतं.

"आणि तुझी नोकरी?"

"दरवर्षी थंडीत रजा काढीन. जिथं थांबू, पुढच्या वर्षी तिथूनच पुढे."

"मोठी रजा देतील होय तुला? डॉक्टरला?"

"छे. आठवडा मिळाला तरी डोक्यावरून पाणी. जनावरांत कसली साथ आली तर तेवढाही नाही."

त्यांनी उजवीकडे बघितलं, जिथे धारेपलीकडे ती मोठी नदी उन्हात लांबच लांब पसरली होती. किती लांब, ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार! त्यांचे ओठ हलत होते. हिशेब चालला होता बहुतेक. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते हसले.

"मग बरीच वर्षं लागतील की!"